अनुक्रमणिका कोण करतं?

(बुलेटिनं, अनियतकालिकं आणि त्रैमासिकं काढणाऱ्या संघटनांच्या कार्यकर्त्यांसाठी झालेल्या कार्यशाळेत ‘अंकाची मांडणी’ या सत्रात केलेलं हे भाषण. बोलण्याची भाषा तशीच ठेवली आहे.)



सकाळपासून तुम्ही फाँट, कॉलम, समास आणि फोटो यांच्याशी झटापट करताय. आता जेवणं झालीत, डोळे मिटायला लागलेत आणि नेमकं आत्ताच मला अनुक्रमणिकेवर बोलायला उभं केलंय. संयोजक मैत्रीण म्हणाली, “ताई, तुमचं सत्र सोपं आहे. संगणकावर अनुक्रमणिका कशी काढायची तेवढं दाखवा, दहा मिनिटं पुरतील.” तिचं खरं आहे. अनुक्रमणिका काढायला दहा मिनिटंसुद्धा लागत नाहीत. तरी मी अर्धा तास मागून घेतला. का, ते सांगते.

आधी एक प्रश्न. छपाईला जाण्यापूर्वी आपल्या अंकाची अनुक्रमणिका ओळ न् ओळ किती जणी वाचतात? हात वर करा बघू. तीन. चाळीस जणींमध्ये तीन. लाजू नका, मीही तुमच्यातलीच होते. लेखांची प्रूफं तीन-तीनदा वाचायची, मुखपृष्ठावर दोन-दोन तास वाद घालायचा आणि अनुक्रमणिका मात्र शेवटच्या रात्री डीटीपी करणारीच्या भरवशावर सोडून द्यायची.

आता जे सांगणार आहे त्यात ओळख पटेल असे तपशील मी बदलले आहेत. गोष्ट १९९८च्या सुमाराची. तोवर आम्ही अनुक्रमणिका हाताने टाइप करायचो. अंकाची पानं पुढ्यात घेऊन एकीने शीर्षक आणि पानाचा आकडा वाचायचा, दुसरीने टाइप करायचं. पानं मागेपुढे झाली की आकडे चुकायचे आणि वाचकांची पत्रं यायची. मग आमच्यातली एक मुलगी डीटीपीचा कोर्स करून आली. तिने दाखवलं की पेजमेकर ही यादी स्वतःच तयार करून देतं. आम्ही हरखून गेलो. एक कमांड दिली की सगळी शीर्षकं आणि पानांचे आकडे हजर!

त्या अंकात एका बाईची हकीकत होती. नवऱ्याचं घर सोडून ती बहिणीकडे राहत होती आणि मुलाच्या ताब्याचा दावा कोर्टात चालू होता. तिने सांगितलं, आम्ही लिहून घेतलं. नाव घालायचं का, असं विचारलं तर म्हणाली, “घाला की. मी काय चोरी केलीय?” म्हणून शीर्षकातच तिचं नाव होतं. अंक लागला, अनुक्रमणिका निघाली. छपाईच्या आदल्या दिवशी तिचा पीसीओवरून फोन आला. सासरच्यांनी धमकी दिली होती. “ताई, माझं नाव काढा. बहिणीच्या घराचं काही कळू देऊ नका.”

आम्ही लगेच बसलो. लेख उघडला, नाव बदलायची कमांड दिली. शीर्षक धरून सात ठिकाणी नाव बदललं. गावाचं नाव काढलं. लेखाचं नवं प्रूफ दोघींनी वाचलं. ट्रेसिंग निघाली, छापखान्यात गेली, सहाशे प्रती छापून आल्या. निम्म्याहून अधिक बुकपोस्टाने गेल्यासुद्धा.

आठ-दहा दिवसांनी ती अंक घेऊन आली. दुसरं पान उघडून माझ्यासमोर धरलं. अनुक्रमणिकेत तिचं खरं नाव, खरं आडनाव आणि पुढे पान २१. ती म्हणाली, “आत तर माझं नाव नाही. मग इथं कसं?”

नवऱ्याच्या तालुक्याच्या वाचनालयात आमचा अंक जायचा. दिराच्या हाती तो पडला होता. आतली हकीकत कोणाची, हे शोधायला त्याला कष्ट पडले नाहीत, आम्हीच पानाचा आकडा दिला होता. बहिणीच्या दारात माणसं येऊन गेली. तिला काही महिने दुसऱ्या गावी राहावं लागलं. उरलेल्या प्रतींवर आम्ही रात्रभर बसून कागदाच्या पट्ट्या चिकटवल्या. गेलेल्या प्रती गेल्याच. तिने दावा पुढे लढवला, आमच्या वकील मैत्रिणीनेच चालवला. पण “यापुढे मी तुम्हाला लिहायला काही सांगणार नाही,” असं ती म्हणाली, आणि तो शब्द तिने पाळला.

हे कसं झालं ते नीट समजून घेऊ या. “संगणकाने घोळ केला” असं आम्हीही पहिल्यांदा म्हणालो होतो. संगणकाने घोळ केला नव्हता. त्याला सांगितलं तेवढंच त्याने केलं होतं.

अनुक्रमणिका म्हणजे लेखांच्या शीर्षकांना जोडलेला आरसा आहे, इकडे बदललं की तिकडेही बदलेल, असं आपल्याला वाटतं. तसं नसतं. कमांड देतो त्या क्षणी सॉफ्टवेअर शीर्षकांची नक्कल करतं आणि ती एका वेगळ्या मजकुराच्या चौकटीत आणून ठेवतं. त्यानंतर लेखात काहीही बदललं तरी ती नक्कल तशीच राहते. पुन्हा कमांड द्यावी लागते. दुसरी गोष्ट, शब्द शोधून बदलायची कमांड विचारते की हा बदल फक्त या मजकुरात करू की सगळ्या मजकुरांत? आम्ही ‘या मजकुरात’ म्हटलं. लेख हा एक मजकूर, अनुक्रमणिका हा दुसरा. दोन्ही दारं आम्हीच उघडी ठेवली होती.

पेजमेकर १९८५ साली आलं. त्याची २००१ची ७.० ही शेवटची मोठी आवृत्ती. आज तुमच्यापैकी बऱ्याच जणी इनडिझाइनवर काम करतात. काही जणी फुकट मिळणारं स्क्रायबस वापरतात, काही वर्ड किंवा लिबरऑफिसवर बुलेटिन लावतात. सॉफ्टवेअर बदललं, पण ही गोष्ट बदललेली नाही. इनडिझाइनमध्ये ‘लेआउट’ मेन्यूत ‘अपडेट टेबल ऑफ कन्टेन्ट्स’ अशी वेगळी कमांड आहे. ती द्याल तेव्हाच यादी नवी होईल. वर्डमध्ये तर जास्त सांभाळा. तिथे यादी नवी करायला गेलात की ते विचारतं, फक्त पानांचे आकडे बदलू की पूर्ण यादी? घाईत आपण पहिला पर्याय निवडतो. आकडे नवे होतात, नावं जुनीच राहतात. स्क्रायबसमध्ये वर्षानुवर्षं चालत आलेल्या पद्धतीत यादीत काय यायचं ते प्रत्येक चौकटीच्या ‘ॲट्रिब्यूट्स’मध्ये आपण हाताने लिहितो. म्हणजे शीर्षक बदललं तर तिथेही जाऊन बदलायचं आणि मग यादी पुन्हा काढायची.

आता मुळात यादी बनते कशी? इनडिझाइनचं उदाहरण घेऊ. शाळेतली हजेरी आठवा. पटावर ज्यांचं नाव, त्यांचीच हजेरी. वर्गात बसलेली पण पटावर नसलेली मुलगी गुरुजींच्या लेखी नसतेच. इथे पट म्हणजे ‘पॅराग्राफ स्टाइल’, आपण तिला शैली म्हणू. प्रत्येक लेखाच्या शीर्षकाला ‘लेखशीर्षक’ नावाची शैली लावायची. मग ‘लेआउट’मध्ये ‘टेबल ऑफ कन्टेन्ट्स’ उघडायचं आणि सांगायचं, ‘लेखशीर्षक’ शैलीतले सगळे परिच्छेद गोळा कर. यादीत ते कसे दिसावेत त्याची वेगळी शैली द्यायची. शीर्षक आणि आकडा यांच्यामध्ये टॅब. झालं.

देवनागरीसाठी एक सूचना. युनिकोड मजकुराला ‘वर्ल्ड-रेडी कंपोझर’ लागतो, हे सकाळी तुम्ही शिकलात. अनुक्रमणिकेच्या शैलीलाही तो लावा, नाहीतर लेखात नीट दिसणारी वेलांटी आणि जोडाक्षरं यादीत फुटतात. जुन्या, युनिकोडपूर्व फाँटमध्ये काम असेल आणि यादीच्या शैलीला रोमन फाँट असेल, तर मराठीऐवजी निरर्थक रोमन अक्षरांची रांग येते. आणि शीर्षक दोन ओळींत तोडताना ‘एंटर’ मारू नका, ‘शिफ्ट-एंटर’ मारा. एंटर मारला की सॉफ्टवेअरच्या मते ते दोन परिच्छेद, म्हणून दोन नोंदी. आमच्या एका अंकात ‘रेशनकार्डावर नाव’ पान ९ आणि खाली ‘कोणाचं?’ पान ९, असे दोन लेख छापले गेले होते. वाचकांनी खूप हसून घेतलं.

पण पटावर नाव नसलेल्यांचं हसण्यावारी नेता येत नाही. ती माझी दुसरी गोष्ट.

काही वर्षांपूर्वी एक विद्यार्थिनी आमचे जुने अंक बघायला आली. घरकामगार बायकांनी स्वतः लिहिलेलं किंवा सांगितलेलं तिला हवं होतं. चाळीस अंकांच्या अनुक्रमणिका तिने दोन दिवसांत चाळल्या आणि म्हणाली, “मॅडम, तुमच्याकडे घरकामगारांवर लिहिलेलं आहे. घरकामगारांचं काही नाही.” मी जवळजवळ भांडलेच तिच्याशी. मग आम्ही दोघी अंक घेऊन पान न् पान बघत बसलो. सतरा बायकांची मनोगतं निघाली. वस्तीतल्या बैठकींत सांगितलेली, सगळी छापलेली, बहुतेक नावानिशी. अनुक्रमणिकेत त्यातलं एकही नव्हतं.

कारण? ही मनोगतं आम्ही चौकटीत छापायचो. मोठ्या लेखाच्या मध्ये जागा उरली की तिथे एक चौकट. चौकटीच्या शीर्षकाला शैली लावलेली नसायची, हाताने अक्षर ठळक करायचं, आकार वाढवायचा आणि पुढे जायचं. कागदावर ते शीर्षकच दिसतं. सॉफ्टवेअरला मात्र ते शीर्षक आहे हे कळायला मार्गच नव्हता. त्याने कोणाला वगळलं नाही. आपण पटावर नाव घातलं नव्हतं.

आणि जिथे शैली लावली होती तिथे काय होतं? ‘शब्दांकन : अमुक’. लिहून घेणारीचं नाव यादीत, बोलणारीचं नाही. प्राध्यापक बाईंचा लेख असेल तर शीर्षक, नाव आणि पान. बारा वस्त्यांमधल्या बायकांनी पाठवलेला मजकूर असेल तर ‘चळवळीच्या बातम्या’ ही एक ओळ. हे ठरवून केलेलं नव्हतं, हे मी शपथेवर सांगेन. पण चाळीस अंक सलग तेच होत राहिलं, तर “ठरवून केलं नव्हतं” याला काय अर्थ राहतो?

म्हणजे बघा, ज्या एका बाईचं नाव यायला नको होतं ते आलं आणि ज्या सतरा जणींचं यायला हवं होतं ते आलं नाही. दोन्हींचं कारण एकच. यादी आपोआप होते म्हणून तिच्यात कोण असावं हेही आपोआप ठरेल, असं आम्ही धरून चाललो होतो.

नाव छापावं की छापू नये, याचं एकच उत्तर नाही. १८८२ साली दोन पुस्तकं निघाली. ताराबाई शिंदे यांचं ‘स्त्रीपुरुष तुलना’ पुण्यात छापलं गेलं, स्वतःच्या नावाने. त्याच वर्षी हिंदीत ‘सीमंतनी उपदेश’ निघालं. त्यावर लेखिकेचं नाव नाही, ‘एक अज्ञात हिंदू औरत’ एवढंच आहे. दोघींनीही आपापल्या काळाला सडकून सुनावलं आहे. एकीने नाव पुढे केलं, दुसरीने झाकलं. मात्र नाव पुढे करणाऱ्या ताराबाईही पुढे जवळजवळ विसरल्या गेल्या. १९७५ साली स. गं. मालशे यांनी ते पुस्तक पुन्हा प्रसिद्ध केलं तेव्हा ते आपल्या पिढीच्या हाती आलं. आपण दुसरीला नाव सांगण्याची सक्ती करू शकत नाही आणि पहिलीचं नाव गाळायचा आपल्याला हक्क नाही. ठरवायचं ते जिचं तिने. आपण तिला विचारायचं, आणि तिने ठरवलेलं प्रत्येक पानावर पाळलं जातंय का ते बघायचं.

कायद्याचंही लक्षात ठेवा. १९७०-८०च्या दशकांत बलात्काराच्या कायद्याविरुद्ध देशभर आंदोलन झालं. त्यानंतर १९८३ साली कायदा बदलला, तेव्हा भारतीय दंड संहितेत कलम २२८-अ आलं. बलात्काराला तोंड दिलेल्या बाईची ओळख उघड करणं गुन्हा ठरला. आता १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेत ती तरतूद कलम ७२ मध्ये आहे. शिक्षा दोन वर्षांपर्यंत कैद आणि दंड. नुसतं नाव नव्हे, जिच्यावरून ओळख पटेल अशी कुठलीही गोष्ट छापायला त्यात मनाई आहे. कामाच्या ठिकाणच्या लैंगिक छळाबद्दल २०१३च्या कायद्याचं कलम १६ तक्रारदार बाईचं नाव-पत्ता प्रसिद्ध करू देत नाही. मात्र ज्या मुलीच्या खटल्यावरून ते सगळं आंदोलन उभं राहिलं, तो खटला आपण आजही तिच्या पहिल्या नावाने ओळखतो. आपल्याच पुस्तकांच्या अनुक्रमणिकांत ते नाव आहे. मी स्वतः ते कितीदा तरी लिहिलंय. तिला कधी विचारलं होतं का, असा प्रश्न मला त्या १९९८च्या अंकानंतर पहिल्यांदा पडला.

आणि आमच्या त्या मैत्रिणीची हकीकत अशा कुठल्या कलमात बसत नव्हती. तिला आम्ही फक्त शब्द दिला होता. आपल्या अंकातल्या बहुतेक बायकांना आपण शब्दच देतो.

तेव्हापासून आम्ही काय करतो ते सांगते. पटलं तर घ्या.

पहिलं म्हणजे शैली ठरवताना एकटी डीटीपी करणारी बसत नाही, संपादक मंडळ बसतं. ‘लेखशीर्षक’, ‘चौकटशीर्षक’, ‘लेखिका’, ‘सांगणारी’ आणि ‘शब्दांकन’ अशा वेगवेगळ्या शैली आहेत. यादीत कोणत्या घ्यायच्या ते मंडळ ठरवतं. ‘सांगणारी’ नेहमी ‘शब्दांकन’च्या आधी. मराठी नियतकालिकांत लेखिकेचं नाव बऱ्याचदा लेखाच्या शेवटी असतं. मग यादीत त्या नावापुढे शेवटच्या पानाचा आकडा येतो. तो नको असेल तर त्या शैलीपुरतं ‘नो पेज नंबर’ निवडायचं, म्हणजे शीर्षकाखाली नुसतं नाव येतं.

दुसरं, नावांची एक वही. प्रत्येक अंकासाठी एक पान. कोणाचं नाव जसंच्या तसं, कोणाचं बदलून, कोणाचं अजिबात नाही आणि हे तिने कधी, कोणाला सांगितलं. मन बदललं तर नवी तारीख घालून नवी नोंद. ही वही कुलपात राहते, संगणकावर जात नाही.

तिसरं, खरं नाव फाइलमध्ये येऊच द्यायचं नाही. बदललेलं नाव टाइप करतानाच घालायचं. “नंतर बदलू” म्हटलं की ते कुठेतरी राहतं. इनडिझाइनमध्ये लपवलेल्या लेअरवरचा मजकूरही यादीत घेण्याचा पर्याय असतो. जुनं शीर्षक अशा लेअरवर ठेवलं असेल आणि ती खूण लागलेली असेल, तर यादीत ते शीर्षक हजर होतं.

चौथं, नाव बदलायची वेळ आलीच तर ‘पूर्ण दस्तऐवजात’ बदला, ‘या मजकुरात’ नको. देवनागरीत विभक्तीने नावाचं रूप बदलतं, हे विसरू नका. ‘सुनीता’ शोधाल तर ‘सुनीताने’ सापडेल, पण ‘शांता’ शोधून ‘शांतेला’ आणि ‘शांतेच्या’ सापडणार नाही. म्हणून शेवटी डोळ्यांनीच वाचायचं.

पाचवं, अनुक्रमणिका सगळ्यात शेवटी पुन्हा काढायची. त्यानंतर अंकात एक शब्द जरी बदलला तरी परत काढायची. आयत्या वेळी यादीत हाताने दुरुस्ती करू नका. पुढच्या वेळी अपडेट कराल तेव्हा ती पुसली जाते. चूक जिथून येते तिथेच, म्हणजे लेखाच्या शीर्षकात, दुरुस्त करा.

सहावं, पीडीएफ. आज आपले अंक व्हॉट्सॲपवरून फिरतात. यादी करताना ‘क्रिएट पीडीएफ बुकमार्क्स’ची खूण असेल तर कडेच्या पट्टीत हीच शीर्षकं पुन्हा येतात. छापलेलं पान स्वच्छ आणि कडेला जुनं नाव, असं होऊ शकतं. पाठवण्याआधी ती पट्टी उघडून वाचा, फाइलचं नावही वाचा. कागदावर निदान पट्टी चिकटवता येत होती. पुढे पाठवलेल्या पीडीएफवर काय चिकटवणार?

आणि शेवटचं. छापायला जाण्याआधी कोणीतरी दोघींनी अनुक्रमणिका मोठ्याने वाचायची. एकीच्या हातात यादी, दुसरीच्या हातात वही आणि अंकाची पानं. पान उलटताना प्रत्येक चौकटीवर विचारायचं, ही यादीत आहे का? यादीतल्या प्रत्येक नावावर विचारायचं, हिला चालणार आहे का? आमच्या अठ्ठेचाळीस पानी अंकाला वीस मिनिटं लागतात.

त्या सतरा जणींचं काय केलं, असं तुम्ही विचाराल. जुने अंक तर पुन्हा छापता येत नाहीत. त्या विद्यार्थिनीने आणि आम्ही मिळून चाळीस अंकांची नवी एकत्र सूची केली. वस्त्यांत जाऊन ज्या भेटल्या त्यांना विचारलं. अकरा जणी भेटल्या. नऊ जणी म्हणाल्या, घाला नाव. दोघी नको म्हणाल्या. एकीची सून आता त्याच सोसायटीत कामाला जाते, जिथल्या बाईंबद्दल तिने सांगितलं होतं. ज्या भेटल्या नाहीत त्यांच्यापुढे आम्ही ‘एक घरकामगार’ लिहिलं आणि वहीत जागा मोकळी ठेवली.

आता पुढचा तासभर प्रत्येकीने आपापल्या शेवटच्या अंकाची फाइल उघडायची आहे. शैली तपासा, चौकटी मोजा, यादी पुन्हा काढा आणि शेजारणीकडून मोठ्याने वाचून घ्या. जिचं नाव राहून गेलंय आणि जिचं चुकून आलंय, दोन्ही कागदावर लिहा. चहाच्या वेळी आपण ते कागद एकत्र बघू. माझा जुना अंकही मी आणलाय, पट्टी चिकटवलेला. तो हवा तर बघा, पण पट्टी काढू नका.